सात, दोन, साडेआठ

सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री साडेआठ. जवळजवळ पावणेतीन वर्षं माझा दिवस या तीन खुंट्यांना टांगलेला होता. यातली कुठलीही वेळ झाली की हातातलं काम ठेवायचं, हात धुवायचे, तळवे एकमेकांवर चोळून गरम करायचे आणि एका सशाची लघवी काढून द्यायची. गार हात लागला की तो पोट आवळून घ्यायचा, म्हणून तळवे चोळणं महत्त्वाचं.

८ एप्रिल २०२५ला रात्री तो गेला. नऊ तारखेला सकाळी सात वाजता मी मोरीपाशी जाऊन हात धुतले, तळवे चोळले आणि तशीच उभी राहिले. हात गरम झाले होते आणि त्यांना काही काम नव्हतं.

दिवेघाट चढून गेल्यावर सासवडच्या अलीकडे प्राण्यांचं एक छोटं शेल्टर आहे. मी तिथे नऊ वर्षं काम करते आहे. आमच्याकडे मुख्यतः रस्त्यावरची कुत्री, मांजरं, ओझ्याची गाढवं. ससे थोडे, पण वर्षभर येत राहतात. कुणी मुलाच्या वाढदिवसाला घेतलेला असतो, कुणी परीक्षा जवळ आली म्हणून आणून सोडलेला. कुणी दोन माद्या म्हणून घेतलेल्या असतात आणि त्यातला एक नर निघतो. सशाची मादी तीस-एकतीस दिवसांत विते आणि व्याल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते, हे विकणारा सांगत नाही. काही जण तर ससा टेकडीवर सोडून येतात, रानातला प्राणी रानात जाईल म्हणून. आपल्या माळावरचा ससा वेगळा. तो इथलाच, वन्यजीव संरक्षण कायद्याने राखलेला. त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. दुकानातला ससा मूळचा युरोपातला, स्पेन-पोर्तुगालकडच्या बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज. त्याची पिल्लं उघडी आणि आंधळी जन्मतात. मराठीत दोघांनाही आपण ससाच म्हणतो आणि दोघांना एकच समजतो. पाळीव ससा टेकडीवर फार दिवस काढत नाही. आपल्या भाषेत ससेहोलपट हा शब्द आहे. तो उगाच आलेला नाही.

बुक्का आला तो १० जुलै २०२२चा दिवस. आषाढी एकादशी होती आणि रविवार. दुपारी एक कुटुंब केळ्यांचं खोकं घेऊन आलं. आई, वडील, आठेक वर्षांचा मुलगा. खोक्यात जुन्या टॉवेलवर पांढरा ससा आडवा पडला होता आणि पुढच्या दोन पायांनी उठायचा प्रयत्न करत होता. मागचे पाय ओल्या कपड्यासारखे मागे पसरलेले.

"ह्याने कानाला धरून उचललं," वडील मुलाकडे न बघता म्हणाले. "हातातून सुटला."

सशाला कानाला धरून उचलायचं नसतं, हे किती घरांत ठाऊक असतं? चित्रांत, जादूच्या खेळांत आपण तसंच पाहिलेलं असतं. सशाची हाडं फार हलकी. मांजराच्या हाडांचं वजन शरीराच्या बारा-तेरा टक्के भरतं, सशाचं सात-आठ टक्केच. मागच्या पायांचे स्नायू मात्र दणकट. अधांतरी लटकलेला ससा जिवाच्या भीतीने लाथ झाडतो, त्या हिसक्याने कमरेजवळचा मणका मोडू शकतो. त्यासाठी खाली पडायचीही गरज नसते. हा तर पडलाही होता.

आमच्याकडच्या मावशी माळकरी. सकाळीच देवळात जाऊन आल्या होत्या, कपाळाला बुक्का होता. त्यांनी खोक्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "ताई, ह्यालाबी कुणी बुक्का लावलाय बघा." खरंच, सगळ्या पांढऱ्या अंगावर दोन डोळ्यांच्या मधोमध बोट टेकवल्याएवढा काळा ठिपका होता. फॉर्मवर नावाच्या रकान्यात मी तेच लिहिलं.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. मागच्या बोटांना चिमटा घेतला, तर त्याने मानही वळवली नाही. "पाय गेले," ते म्हणाले, "आणि लघवीवरचा ताबाही गेलाय." मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "दुखणं कमी होण्याचं औषध देतो. दोन आठवडे बघू. खाणारा ससा जगायचं म्हणतोय असं धरायचं." मावशींनी तेवढ्यात डब्यातून कोथिंबीर आणली होती. त्याने एक काडी ओढून घेतली, देठ खाल्ला आणि पानं तशीच ठेवली. वडिलांनी सही केली. आईच्या डोळ्यांना धार लागली होती. मुलगा रडत नव्हता, खोक्याची कड घट्ट धरून उभा होता. जाताना त्याने मला विचारलं, "तो परत चालेल का?" मी नाही म्हणाले. खोटं बोलायला जीभ वळली नाही आणि दुसरं काय बोलावं ते सुचलं नाही.

लघवी काढून देणं वाचून येत नाही. सशाला टॉवेलवर नीट आधार देऊन धरायचं आणि एक तळवा पोटाखाली मागच्या बाजूला सरकवायचा. भरलेलं मूत्राशय हाताला लिंबाएवढं लागतं. त्याला सगळ्या बोटांनी सारखा, हळूहळू दाब द्यायचा. कमी दाबलं तर लघवी आत राहते आणि संसर्ग होतो. जास्त दाबलं तर मूत्राशय फुटू शकतं. पहिले पाच दिवस माझ्या हातावर डॉक्टरांचा हात असायचा. सहाव्या दिवशी त्यांनी हात काढून घेतला आणि माझा हात थरथरायला लागला. बुक्काने मान वळवून माझ्या मनगटावर हनुवटी टेकवली. ससे हनुवटीतल्या ग्रंथींनी वस्तूंवर आपला वास लावून ठेवतात, त्यामागे प्रेमापेक्षा मालकी जास्त असते, हे मला माहीत होतं. तरी त्या दिवशी मला धीर आला.

त्यानंतर रोज नवं काहीतरी शिकणं होतं. सशाची लघवी मुळातच गढूळ, पांढुरकी असते, कारण खाण्यातलं जास्तीचं कॅल्शियम तो लघवीवाटे बाहेर टाकतो. ज्याचं मूत्राशय आपणहून रिकामं होत नाही त्याच्यात हा गाळ तळाशी साचतो. म्हणून लसूणघास बंद. आसपासचे गोठेवाले तो आम्हाला आपुलकीने द्यायचे, तरी बंद. त्याला सुकं गवत, हरळी, पुदिना, कोथिंबीर. गाजर नावापुरतं. लघवीने मांड्यांची कातडी सोलवटू नये म्हणून दिवसातून तीनदा कोमट पाण्याने तेवढाच भाग पुसायचा आणि पूर्ण कोरडा करायचा. सशाला आंघोळ घालायची नसते; भिजला तर गारठून आणि घाबरून जिवावर बेतू शकतं.

ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. एक आपण सगळ्यांनी पाहिलेली, गोल आणि कोरडी. दुसरी मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या इवल्या घडासारखी. ती तो तोंड खाली नेऊन थेट खातो आणि त्यातून त्याला जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात. बुक्काला कंबर वळवता येत नव्हती. मावशी तो घड आपल्या तळहातावर घ्यायच्या आणि त्याच्या तोंडाशी धरायच्या. मला सुरुवातीला किळस आली होती. मावशींना नाही. "लेकराचं करताना कुणाला घाण वाटती का?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि पुढच्या आठवड्यापासून मीही हात पुढे केला.

सगळं एका रजिस्टरमध्ये लिहिलं जायचं. वेळ, लघवीचा रंग, लेंड्या किती आणि केवढ्या, काय खाल्लं, काय टाकलं. सशाच्या आतड्यांची हालचाल थांबली तर काही तासांत प्रकरण गंभीर होतं; त्याला उलटी करता येत नाही आणि उपाशी राहणं मुळीच परवडत नाही. दुखणं लपवणं तर त्याच्या रक्तातच. भक्ष्य म्हणून जगणारा प्राणी शेवटपर्यंत ठीक असल्याचं दाखवतो. म्हणून लेंडीचा आकार हीच त्याची बोली. बारीक झाली की काळजी, थांबली की धावपळ.

पहिल्या दिवाळीच्या सुमाराला आमच्या ओळखीच्या एका सायकलवाल्याने त्याच्यासाठी गाडी करून दिली. हलक्या नळ्या, खेळण्यातली दोन चाकं, मधे कापडाची झोळी. तिच्यासाठी त्याने तीनदा मापं घेतली होती. आम्ही सगळे गोळा झालो, कुणी फोन धरून व्हिडिओ काढायला उभं राहिलं. बुक्काला झोळीत ठेवलं आणि तो गोठला. कान पाठीला चिकटले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला. पाच दिवस थोडं थोडं करून पाहिलं. पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "ती गाडी आपल्याला हवी आहे. त्याला नकोय." गाडी फडताळात गेली. त्याला मावशींनी जुन्या नऊवारीची शिवलेली गोधडी आवडायची. त्या गोधडीवर तो पुढच्या पायांनी स्वतःला ओढत, खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, असा काही जायचा की बघणाऱ्याने बाजूला व्हावं. धडधाकट ससा आनंदात आला की हवेत उडी मारून अंगाला पीळ देतो. बुक्काचं डोकं आणि खांदे तसेच झटक्यात वळायचे, मागचा भाग जमिनीवरच राहायचा. आम्ही तिला अर्धी उडी म्हणायचो. रजिस्टरमध्ये तिच्यासाठी वेगळा रकाना नव्हता. मी समासात 'अ. उ.' असं लिहायचे.

दुसऱ्या वर्षी मिरी आली. काळी, एका डोळ्याने अधू, गर्भाशय काढलेली. दोघांना हळूहळू ओळख करून दिली आणि महिन्याभरात ती त्याच्या गोधडीवर झोपू लागली. ससा मागच्या पायाने कान खाजवतो आणि साफ करतो. बुक्काचे कान तोवर आम्ही कापसाने पुसत होतो. मिरीने ते काम आपल्याकडे घेतलं. रोज सकाळी ती त्याचे कान आतून चाटून काढायची आणि तो डोळे अर्धे मिटून दात हलकेच वाजवायचा. तो आवाज फार बारीक असतो, कान जवळ नेला तर ऐकू येतो. ससा सुखात असला की असे दात वाजवतो. दुखत असलं की तेच दात तो करकरून चावतो, आणि तो आवाज खोलीच्या दारातूनही कळतो. या दोन आवाजांतला फरक मला आधी माहिती म्हणून ठाऊक होता. पुढे तो माझ्या ओळखीचा झाला.

एका सशासाठी रोज दीड-दोन तास द्यावेत का, हा प्रश्न बैठकीत निघालाच. तेवढ्यात चार कुत्र्यांच्या जखमा धुऊन होतील, असं एका सहकाऱ्याने म्हटलं. प्रश्न रास्त होता आणि तो मनाच्या कोतेपणातून आलेला नव्हता. आमच्याकडे माणसं कमी, पैसा त्याहून कमी. मी तेव्हा सांगितलं की बुक्कामुळे तिघं जण लघवी काढून द्यायला शिकलेत, गाडीखाली येऊन कंबर गेलेल्या कुत्र्यांसाठी तोच हात कामाला येतोय. ते खरं होतं आणि सगळ्यांना पटलं. घरी जाताना मात्र मला रुखरुख लागली. मी त्याची बाजू उपयोगाच्या तराजूत मांडली होती. त्याने कुणाला काही शिकवलं नसतं, तरी त्याला भूक लागत होती, मिरी जवळ हवी होती, गोधडीवर जायचं होतं. खरं म्हणजे एवढं पुरेसं होतं. मी तेच सांगायला हवं होतं.

एप्रिलमधला उन्हाळा सशाला अवघड. त्याला घाम येत नाही, कुत्र्यासारखी धापही नीट टाकता येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून सोडतो. आम्ही खोलीला वाळ्याचे पडदे लावले होते, शहाबादी फरशीचे तुकडे आणि कपड्यात गुंडाळलेल्या बर्फाच्या बाटल्या ठेवल्या होत्या. दोन उन्हाळे त्याने असे काढले. तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, ६ एप्रिलला, रजिस्टरमध्ये मावशींच्या अक्षरात लिहिलंय : 'लेंडी बारीक. देठ खाल्ले नाहीत.'

देठ खाल्ले नाहीत, हे वाचलं आणि मी डॉक्टरांना फोन लावला.

सात तारखेला सलाईन, दुखण्याचं औषध, सिरिंजने पातळ खाणं. रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडं जवळजवळ थांबल्याचं दिसलं. इतक्या वर्षांच्या गाळाने आणि पुन्हा पुन्हा झालेल्या संसर्गाने ती झिजली होती. आठ तारखेला संध्याकाळी त्याचं तापमान ३६.५ अंशांवर आलं. सशाचं नेहमीचं तापमान साडेअडतीस ते चाळीसच्या दरम्यान. इतकं खाली उतरणं चांगलं लक्षण नाही. गरम पाण्याच्या पिशव्या लावल्या. मिरी त्याच्या मानेला टेकून बसली होती. आणि दारातून मला तो आवाज ऐकू आला. दात करकरत होते.

डॉक्टर म्हणाले, "औषधाने आता हे दुखणं आवरणार नाही. रात्र काढेलही, पण कशी काढेल ते तुम्हाला माहीत आहे."

मावशी म्हणाल्या, "सकाळपर्यंत थांबू. घेणारा तो घेऊन जाईल. आपण कोण ठरवणारे?"

मावशींचं म्हणणं मी हलकं मानत नाही. जन्म देणं आपल्या हाती नाही तर मरण देणंही नाही, ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६०चा आहे; असह्य यातनेत असलेल्या आणि वाचण्याची आशा नसलेल्या जनावराला शांतपणे मरण देण्याची वाट त्यात आहे. पण त्या खोलीत कायदा कुणाला आठवणार? मी एवढंच विचारलं स्वतःला, की सकाळपर्यंत थांबायचं ते कुणासाठी. त्याला सकाळ म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्याला फक्त आत्ता होतं, आणि आत्ता दुखत होतं. सकाळ मला हवी होती. आणखी एकदा सात वाजायला हवे होते.

मी हो म्हणाले.

साडेआठला मी नेहमीसारखे हात धुतले, तळवे चोळले आणि त्याची लघवी काढून दिली. थोडीच आली. अंग पुसलं, कोरडं केलं, त्याच्याच गोधडीवर ठेवलं. डॉक्टरांनी आधी झोपेचं इंजेक्शन दिलं. करकर थांबली. तो झोपला आहे याची खात्री झाल्यावर दुसरं. मावशी खोलीबाहेर गेल्या होत्या, मला वाटलं रागावल्या. त्या तुळशीचं पान आणि वाटीत पाणी घेऊन परत आल्या. त्यांनी पान त्याच्या ओठांना लावलं, पाण्याचे दोन थेंब सोडले आणि माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसल्या. त्या रात्री आम्ही एकमेकींशी काहीच बोललो नाही.

मिरीला तासभर त्याच्याजवळ राहू दिलं. जोडीतला ससा गेला की दुसऱ्याला त्याचं शरीर दाखवावं, नाहीतर तो शोधत राहतो, खाणं टाकतो. तिने त्याच्या तोंडाला दोनदा नाक लावलं. मग कान चाटले, आधी एक, मग दुसरा, नेहमीसारखे पूर्ण. आणि उठून गवताच्या टोपलीपाशी गेली. आवारातल्या शेवग्याखाली आम्ही त्याला पुरलं.

दुसऱ्या दिवसापासून लोक भेटू लागले. एकच शब्द प्रत्येकाच्या तोंडी होता. सुटला. "सुटला बिचारा." "बरं झालं, सुटला." आणि त्याला जोडून, मायेनेच, "तुम्हीपण सुटलात हो, केवढं बांधून ठेवलं होतं त्याने."

पहिल्या सुटल्याशी माझं भांडण नाही. तो खरंच वेदनेतून सुटला. दुसरा शब्द माझ्या अंगाला चिकटून राहिला, कारण त्यात खोटं काही नव्हतं. नऊ तारखेला मी जवळजवळ तीन वर्षांत पहिल्यांदा दुपारी दोन वाजता सलग जेवले. रात्री लवकर घरी गेले. जीव हलका झाला आणि त्याच क्षणी त्या हलकेपणाची लाज वाटली. ज्याच्यासाठी रडतेय, त्याच्या जाण्याने मला बरं कसं वाटू शकतं?

उत्तर मला आईकडून मिळालं. माझी आजी चार वर्षं अंथरुणाला खिळून होती. आई तिला दर चार तासांनी कुशीवर वळवायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. आजी गेली तेव्हा जमलेल्या बायका आईला हेच म्हणाल्या होत्या, "सुटल्या, आणि तूही सुटलीस गं बाई." मी तेव्हा कॉलेजात होते. त्यानंतर कितीतरी महिने आई पहाटे चारला उठून आजीच्या रिकाम्या खाटेपाशी जायची. आता मी तिला विचारलं, तुला तेव्हा बरं वाटलं होतं का. ती म्हणाली, "पाठ दुखायची थांबली, त्याचं बरं वाटलं. ती गेली त्याचं कधीच वाटलं नाही. दोन्ही एकाच वेळी असतं, त्यात पाप नाही."

माणसाच्या मरणाला आपल्याकडे सुतक आहे, दहावा आहे, तेरावा आहे. सगळं मानावं की न मानावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण त्यातून दुखऱ्या माणसाला दिवस मिळतात, आणि त्या दिवसांत त्याला कुणी कामाला जुंपत नाही. अमेरिकेतले अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९मध्ये समाजाची मान्यता न मिळणाऱ्या दुःखाविषयी पुस्तक काढलं. ज्या दुःखाला समाज दुःख म्हणत नाही ते भोगणाऱ्याच्या आतच अडकून राहतं, हे त्याचं सार. डॉक्टरांनी मला ते सांगितलं तेव्हा मला पुस्तकापेक्षा आमच्या शेल्टरमधली पोरं आठवली. सकाळी एखादा जीव हातात जातो आणि अकरा वाजता ती पुढचा पिंजरा धुवायला घेतात. त्याचं सुतक नसतं, म्हणून सुट्टीही नसते. नऊ वर्षं मीही तेच केलं होतं आणि त्याला कणखरपणा समजत होते.

आम्ही आता एक छोटा नियम केला आहे. ज्याने ज्या प्राण्याचं केलं, त्याला तो प्राणी गेल्यावर एक दिवस कामातून मोकळीक. आणि रजिस्टरमध्ये शेवटचं पान त्या माणसाने लिहायचं, औषधांबद्दल नव्हे, त्या प्राण्याबद्दल. हा नियम मावशींनी सुचवला. सकाळपर्यंत थांबायला हवं होतं, असं त्या आजही म्हणतात. मी नाही म्हणते. आम्ही दोघी रोज एका डब्यातून जेवतो.

बुक्का गेल्याचं कळवायला मी त्या कुटुंबालाही फोन केला. मुलगा मधल्या काळात एकदा येऊन गेला होता, कोथिंबिरीची जुडी घेऊन. जमिनीवर बसून, एक हात छातीखाली आणि एक हात मागच्या पायांखाली घालून ससा कसा उचलायचा, ते मी त्याला तेव्हा शिकवलं होतं. फोनवर वडील म्हणाले, "सुटला म्हणायचा." मग मुलाने फोन घेतला. आता त्याचा आवाज बदललाय. त्याने विचारलं, "शेवटी त्याच्याजवळ कोण होतं?"

मी सांगितलं. मिरी होती, मावशी होत्या, मी होते. बोलता बोलता मला नीट रडू आलं, पहिल्यांदाच.

त्याच्या त्या प्रश्नावरून मला कळलं की आम्हाला काय हवं असतं. तुमच्या ओळखीत कुणाचा प्राणी जाईल, विशेषतः असा, ज्याचं सगळं दुसऱ्याच्या हातांनी व्हायचं. तेव्हा 'तुम्ही सुटलात' म्हणू नका. तो कसा होता, एवढंच विचारा आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या.

आमचा पांढरा होता. कपाळावर काळा ठिपका होता. कोथिंबिरीचे देठ खायचा आणि पानं ठेवायचा. १००३ दिवस तो आमच्याकडे होता, आणि समासात 'अ. उ.' मी सहाशे चौदा वेळा लिहिलं आहे.